पिकअपच्या पत्र्यात मुरणारे पावसाचे पाणी : गळती शोधावी कशी, थांबवावी कशी?

जालना-भोकरदन रस्त्यावर राजूर ओलांडून पुढे गेले की केदारखेडा लागते. या भागात मालवाहतुकीचा मोठा भार आज पिकअप आणि छोट्या टेम्पोंवर आहे. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन व मका, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची, जिनिंगला कापूस आणि परतीच्या फेरीला खत, बियाणे, सिमेंट किंवा लोखंडी सळई असा या गाड्यांचा बारमाही धंदा असतो. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या, आणि मालक तोच चालक. अशा माणसाची गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही, उत्पन्न मात्र थांबते.

मृग नक्षत्र लागले की या गाड्यांची एक जुनी तक्रार वर येते. केबिनमध्ये पाणी येते, पायाखालची मॅट ओली राहते, काचेवर आतून वाफ धरते, दाराच्या खालच्या कडेला रंग फुगतो. बहुतेकजण 'पावसाळा संपू द्या, मग बघू' म्हणून दुर्लक्ष करतात. दिवाळीपर्यंत फुगलेल्या रंगाखाली पत्र्याला भोक पडलेले असते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या सीलंटने भागणारे काम वेल्डिंग व रंगकामावर जाते. आपल्या वाचकांपैकी अनेकजण गाड्या चालवतात आणि अनेकजण डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग व गॅरेजच्या व्यवसायात आहेत. दोघांच्याही उपयोगाची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

थेंब लहान, हिशेब मोठा

गळती थेंबाथेंबाने होते म्हणून ती किरकोळ वाटते. साधारणपणे वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला ३६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर पाणी होते. पाच तासांच्या पावसात जवळजवळ एक लिटर पाणी केबिनमध्ये उतरते. ते मॅटखालच्या फोममध्ये मुरते आणि वरून मॅट कोरडी दिसली तरी खालचा पत्रा आठवडेच्या आठवडे ओलाच राहतो.

हौद्याचा हिशेब आणखी मोठा आहे. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटर होते. एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर सुमारे २१२ लिटर, म्हणजे दोन क्विंटलहून अधिक वजनाचे पाणी पडते. निचऱ्याच्या वाटा मोकळ्या असतील तर ते वाहून जाते. त्या मातीने बुजल्या असतील तर ते सांध्यांतच घर करते.

गंज कसा लागतो, हेही समजून घ्यावे. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि फुगवटा दिसतो. फुगवटा दिसला याचा अर्थ गंज आतल्या बाजूने आधीच बराच पुढे गेला आहे असा समजावा. केबिनचा पत्रा जाडीला सहसा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे त्याला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात व त्या मिठाने गाड्या गंजतात. आपल्याकडे ते काम खत करते. युरिया, पोटॅश यांसारख्या खतांची सांडलेली भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते. पोटॅशमध्ये तर मिठासारखाच क्लोराईडचा अंश असतो. त्यात आपली काळी चिकण माती मडगार्डच्या आत आणि चॅसिसच्या सांध्यांत चिकटून बसते व पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवते. खत वाहणाऱ्या गाडीचा हौदा लवकर खराब होतो, त्याचे कारण हेच आहे.

पाणी नेमके शिरते कोठून?

पिकअपमध्ये पाणी शिरण्याच्या नेहमीच्या जागा पुढीलप्रमाणे आहेत.

१) पुढील काचेची कड : काच रबरी बिडिंगमध्ये बसवलेली असेल तर उन्हाने रबर कडक होते, कोपऱ्यात आखडते व फट पडते. काच चिकटवलेली असेल तर बदलताना चिकटपट्टा एखाद्या ठिकाणी तुटक राहिलेला असतो.

२) वायपरखालची पन्हळ : येथे पालापाचोळा साठून पाणी जाण्याच्या वाटा बंद होतात. मग तुंबलेले पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येते.

३) टपाचे सांधे : टपाचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जोडलेला असतो, त्या सांध्यावर कारखान्यात सीलंटची पट्टी भरलेली असते. गाडीच्या हादऱ्यांनी तिला बारीक तडे जातात. कॅरियर किंवा दिव्यांची पट्टी बसवण्यासाठी टपाला पाडलेली भोके हेही मोठे कारण असते.

४) इंजिन व केबिन यांच्यामधला पत्रा : वायरी, केबल व पाइप जाण्यासाठी त्याला भोके असतात व त्यांत रबरी बुच असतात. हॉर्न, टेप किंवा जादा दिवे बसवताना बुच काढला जातो आणि पुन्हा बसवला जात नाही.

५) दारे : यांविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

६) मागील काच, मागील दिवे आणि हौद्याचे कोपरे.

दारात पाणी जाणे हा दोष नव्हे

अनेक कारागीरांचीही येथे चूक होते. दाराची काच खाली-वर होते, त्यामुळे तिच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोकळीत जाणारच. गाडी बनवणाऱ्यांनी हे गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात आणि आतील कव्हराच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आत आलेले पाणी या कागदावरून ओघळून खाली जावे व भोकांतून बाहेर पडावे, अशी ती रचना आहे.

काचेची मशीन किंवा कुलूप दुरुस्त करताना हा कागद फाडला जातो व कचरा समजून फेकला जातो. त्यानंतर पाणी कव्हरवरून थेट केबिनमध्ये उतरते. मालक दाराचे रबर बदलतो, तरी गळती थांबत नाही. काही ठिकाणी तर 'पाणी येते' म्हणून तळाची भोकेच सीलंटने बुजवली जातात. असे केल्यास दार पाण्याची टाकी बनते व आतून कुजते. दाराची निचऱ्याची भोके कधीही बुजवू नयेत. महिन्यातून एकदा बारीक काडीने किंवा प्लास्टिकच्या तारेने ती साफ करावीत. कागद फाटला असेल तर त्याच मापाचा जाड प्लास्टिक कागद कापून, खालची कड दाराच्या पोकळीच्या आत वळवून, चिकटपट्टीने सलग बसवावा.

आधी निदान, मग औषध

केबिनमधले प्रत्येक पाणी पावसाचे नसते. पाऊस नसतानाही क्लीनरच्या बाजूची मॅट ओली होत असेल आणि गाडीला ए.सी. असेल, तर ए.सी.चे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असू शकते. पाणी चिकट, रंगीत किंवा गोडसर वासाचे असेल आणि गाडीला हीटर असेल, तर ते रेडिएटरचे कूलंट असण्याचा संभव आहे. कूलंट विषारी असते, म्हणून ते चाखून पाहण्याचा प्रकार कोणीही करू नये. या दोन्ही गोष्टी नाहीत याची खात्री झाल्यावरच पावसाची गळती शोधायला घ्यावी.

गळती शोधताना एक नियम पक्का लक्षात ठेवावा. पाणी जेथे टपकते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. टपाच्या सांध्यातून आलेले पाणी खांबाच्या आतून उतरून पायापाशी निघते. म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी.

प्रथम मॅट, फोम व आवश्यक तेथे आतील कव्हर काढून केबिन पूर्ण कोरडी करावी. ओल्या केबिनमध्ये नवी गळती ओळखू येत नाही. संशयित सांध्यांवर आतून खडूची भुकटी चोळावी. पाण्याची बारीक धारही तिच्यावर स्पष्ट रेघ उमटवते.

नंतर एकाने बॅटरी घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाण्याचा जोर पावसाइतकाच ठेवावा. वॉशिंगच्या पंपाची धार मारू नये, कारण ती चांगल्या रबरातूनही पाणी आत घालते व चुकीचे निदान होते. पाणी नेहमी खालून वर मारत न्यावे. आधी दाराचा तळ, मग दाराच्या बाजू, मग काचेची खालची कड, तिच्या बाजू आणि शेवटी टप. प्रत्येक जागेला पाच मिनिटे द्यावीत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते व गळती कोणत्या जागेची ते कळत नाही.

पाण्याने सापडली नाही तर साबणाचा उपाय करावा. सर्व काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेईल अशा रीतीने पूर्ण वेगाने चालू करावा. आत हवेचा थोडा दाब तयार होतो. बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की फटीपाशी बुडबुडे येतात. पंक्चर काढणारा ट्यूब तपासतो, तसाच हा प्रकार आहे.

दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी पुरेशी आहे. दारात कागद धरून दार लावावे व कागद ओढावा. सगळीकडे तो सारखाच घट्ट यावा. जेथे तो सहज निसटतो तेथे रबर दबलेले आहे किंवा दाराची बिजागरी उतरलेली आहे. बिजागरी उतरली असेल तर नवे रबर घालून उपयोग होत नाही, आधी दार बसवून घ्यावे लागते.

दुरुस्ती कोणत्या वस्तूने करावी?

सांधा ही हलणारी जागा आहे. केदारखेड्याहून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर केबिन व हौदा सतत पिळला जातो. म्हणून तेथे लवचीक राहणारा पदार्थ हवा. मळून लावायची एपॉक्सी दगडासारखी कडक होते व हादऱ्याने तिच्या कडेला पुन्हा तडा जातो. बाथरूमच्या फरशीला लावतात ते सिलिकॉनही येथे योग्य नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना आम्ल बाहेर पडते व ते उघड्या लोखंडाला बाधते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. पुढे त्या जागी रंगकाम करणाऱ्याला ते खरवडून काढताना नाकी नऊ येतात.

गाड्यांच्या सांध्यांसाठी पॉलीयुरेथेन जातीचे सीलंट मिळते, ते वापरावे. जुने सुटलेले सीलंट पटाशीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावे, जागा घासून थिनरने पुसावी, उघड्या लोखंडावर प्रायमर मारावा आणि तो सुकल्यावर सलग धार भरून बोटाने किंवा पट्टीने दाबून घ्यावी. हे सीलंट हवेतील ओलाव्यानेच पक्के होते. ते वरून आत असे सुकत जाते आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटर इतकेच पिकते. हवा दमट असली तरी चालते, पण पत्रा पूर्ण कोरडा हवा. सकाळी सीलंट भरून दुपारी गाडी पावसात काढली तर दोष सीलंटला देऊ नये.

रबरी बिडिंगची काच असेल आणि रबर मऊ असेल, तर रबराची ओठाळी उचलून, आतील माती साफ करून, कडक न होणारे सीलंट भरावे. रबर कडक झाले असेल तर ते बदलावे. काच काढल्यावर तिच्याखालच्या कडेला गंज दिसल्यास तो साफ करून प्रायमर लावल्याशिवाय नवे रबर बसवू नये. नाहीतर नव्या रबराखाली जुना गंज वाढतच राहतो.

गंजावर थेट रंग मारणे म्हणजे जखमेवर चादर पांघरणे होय. वरचे सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढावेत, लकाकी येईपर्यंत घासावे, खोलवर राहिलेल्या गंजासाठी गंजनाशक द्रावण लावून डब्यावरील सूचनेप्रमाणे पुसून वा धुवून वाळवावे. त्यानंतर प्रायमर, सीलंट आणि रंग असा क्रम ठेवावा. भोक पडले असेल तर पुट्टीने बुजवू नये. पुट्टी ओल शोषते आणि वर्षभरात निघून पडते. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करणे हाच खरा उपाय आहे. वेल्डिंगने पत्र्याच्या मागचा रंग जळतो, म्हणून मागील पोकळीत गंजरोधक मेण फवारणे विसरू नये.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी, ऋण टोक आधी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात व त्यांत संगणकीय कंट्रोल युनिट व अनेक सेन्सर असतात. वेल्डिंगच्या करंटने ते जळू शकतात, म्हणून कंपनीच्या सूचनेप्रमाणे त्यांची जोडणीही काढावी. डिझेलची टाकी, तिची नळी व जवळचा फोम यांच्यापासून ठिणगी दूर ठेवावी. याच कारणाने नव्या गाड्यांत डॅशबोर्डखाली पाणी जाणे हा आता किरकोळ प्रकार राहिलेला नाही. पूर्वी एखादा फ्यूज जाऊन भागत असे. आता ओल्या कनेक्टरमुळे गाडी भररस्त्यात बंद पडू शकते. फ्यूजपेटीपर्यंत पाणी गेले असेल तर गाडी सुरू करून पाहू नये, बॅटरी सोडवून आधी ते सुकवावे.

हौदा आणि माल

समजा, केदारखेड्याहून पंधरा क्विंटल सोयाबीन जालन्याला निघाले आणि वाटेत पावसाने गाठले. वरून ताडपत्री चांगली होती, पण पोती थेट हौद्याच्या पत्र्यावर होती. फाळक्याच्या फटीतून आलेले पाणी तळाला साचले व खालचा थर भिजला. मोंढ्यात यंत्राने ओलावा मोजला जातो व भाव कापला जातो. भाडे देणारा शेतकरी पुढच्या वेळी दुसरी गाडी बघतो. धंद्यात हे नुकसान वेल्डिंगच्या खर्चाहून मोठे असते.

म्हणून पोत्यांखाली दोन-तीन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या टाकाव्यात. ताडपत्रीला मधोमध आधार देऊन उतार ठेवावा, झोळ पडू देऊ नये. दोन ताडपत्र्या असतील तर पुढची ताडपत्री मागचीच्या वर यावी, म्हणजे वारा व पाणी फटीत घुसत नाही. हिरवी मिरची मात्र सर्व बाजूंनी आवळून झाकू नये. तिला हवा लागते, कोंडली की ती तापते व सडते. खताची फेरी झाली की त्याच दिवशी हौदा झाडून मग धुवावा. ओले बारदान किंवा रबरी मॅट हौद्यात पसरून ठेवू नये. चॅसिसला जळके ऑईल फासण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याने रबरी बुश खराब होतात, माती अधिक चिकटते आणि ते धान्याला लागण्याचा धोका असतो. त्याऐवजी तळ धुऊन वाळवून गंजरोधक लेप द्यावा.

व्यवहाराच्या काही गोष्टी

गाडीच्या सर्वसमावेशक विम्यातही झीज आणि गंज यांची भरपाई मिळत नाही. त्यामुळे 'विमा आहे' या भरवशावर गळती सोडू नये. २०१८ सालच्या नियमबदलानुसार मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. आठ वर्षांच्या पुढे कुजलेली गाडी दरवर्षी खर्च मागते.

नव्या गाडीतच गळती निघाली तर तोंडी तक्रारीवर थांबू नये. लेखी तक्रार द्यावी, जॉबकार्डची प्रत घ्यावी, पाणी गळतानाचे तारखेसह फोटो ठेवावेत. 'मालवाहू गाडी म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहक नाही' असे काहीजण सांगतात. परंतु ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जो माणूस केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतो, तो ग्राहकच ठरतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

जुनी गाडी घेताना मॅट उचलून पाहावी, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर बुरशी किंवा पाण्याचा डाग आहे का ते बघावे. दाराच्या खालच्या भागाला लहान चुंबक लावून पाहावे. चुंबक धरत नसेल तर तेथे पुट्टी भरलेली आहे. खालून ताजा काळा लेप दिसला तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभदतो.

गॅरेज चालवणाऱ्या तरुणांनी हे काम स्वतंत्र सेवा म्हणून का करू नये? त्याला मोठे भांडवल लागत नाही. नळी, बॅटरी, सीलंटची गन, ब्रश, काही रबरी बुच आणि सबुरी एवढे पुरते. मे महिन्यात, रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, गाड्यांची पाणी-तपासणी ठेवावी. कोठून गळते ते मालकाला डोळ्यांनी दाखवावे, खर्चाचा अंदाज लिहून द्यावा, काम झाल्यावर त्याच्यासमोरच पुन्हा पाणी मारून दाखवावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर गाडी एकदा विनामूल्य बघून द्यावी. जेथे सीलंटने भागते तेथे वेल्डिंग सांगू नये आणि जेथे पत्रा कुजला आहे तेथे पुट्टी थापून पैसे घेऊ नयेत. पुट्टीखाली लपवलेला गंज पुढच्या पावसाळ्यात वर येतो आणि ज्याने लपवला त्याचे नाव गावभर होते. ज्याच्या हातून गेलेली गाडी आषाढातही कोरडी राहते, त्या कारागिराला जाहिरातीची गरज पडत नाही. रस्त्यावरचे चालकच त्याचा पत्ता एकमेकांना सांगतात.